महिला व बालविकास मंत्र्यांना खुलं पत्र: दत्तक जाणाऱ्या लेकरांच्या हातात चित्रांचं पुस्तक द्या

मा. मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार,

हिवाळी अधिवेशनाला तुम्ही नागपूरला येणारच, म्हणून एक विषय आधीच कानावर घालते. मी इथल्या एका बालगृहात मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जाते. त्यातली काही मुलं दत्तक जातात, काही फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे काही काळापुरती दुसऱ्या कुटुंबात, आणि कुठे चाललो, का चाललो हे त्यांना कळेल असं कोणी सांगतच नाही. तिथल्या काकू खूप जीव लावतात, पण त्यांच्याकडेही एकच वाक्य असतं, "नवे आईबाबा येणार, शहाण्यासारखं वागायचं हं." म्हणजे नाही वागलं तर परत आणून सोडतील, असंच लेकराच्या डोक्यात बसतं ना.

आपल्याकडे दत्तक म्हटलं की कृष्ण-यशोदेची गोष्ट ठरलेली. ती चालू असताना एका छोट्या पोरीनं विचारलं, "पण कृष्ण तर यशोदेला सोडून मथुरेला गेला नं, मग मलेबी पाठवतील का?" यावर काय उत्तर देणार? गोष्ट सुंदरच आहे, पण या पोरांच्या प्रश्नासाठी ती रचलेली नाही.

चित्रांच्या पुस्तकात मात्र पोरगा पलंगाखाली लपलेला दिसला की मुलं स्वतःबद्दल चकार शब्द न काढता त्याच्याबद्दल भडाभडा बोलतात, "हा भिऊन राहिला", "याची जुनी चादर कुठाय", आणि तेच पान पुन्हा पुन्हा उघडायला लावतात. समुपदेशकाला तासभर बसून जे कळत नाही ते तिथे कळतं.

बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ६१ मध्ये लिहिलंय की दत्तक आदेशाआधी मुलाचं वय आणि समज बघून त्याची इच्छा विचारात घ्यायची. २०२१ च्या दुरुस्तीनंतर हा आदेश जिल्हाधिकारी देतात. पण ज्याला काय होणार हेच माहीत नाही त्याची इच्छा कुठून येणार? फॉस्टर केअरसाठी मिशन वात्सल्य या सरकारी बालसंरक्षण योजनेतून मुलामागे महिन्याला ४००० रुपये मिळतात, ते हवेतच, पण पोराला समजावण्याचं काम त्या पैशानं होत नाही.

दोन्हींसाठी वेगळी पुस्तकं लागतील बरं का. दत्तक मुलाला विचारायचं असतं मला का सोडलं, आणि फॉस्टरमधल्याची आई बऱ्याचदा कुठेतरी असते, त्याला घरी कधी जाणार हे हवं असतं, तिथे खोटा दिलासा देणारं पुस्तक नको. घरं, आज्या, अंगणवाड्या आपल्याकडच्या असाव्यात, आणि मराठीसोबत गोंडी, कोरकूतपण हवीत, विदर्भातली कितीतरी लेकरं तीच बोलतात. बालभारती दरवर्षी लाखो पुस्तकं छापते, तिलाच हे काम द्या. पुस्तक मुलाच्या बॅगेतून नव्या घरी जाऊ द्या. दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी फॉलोअपची भेट असते, तेव्हा फॉर्म भरण्यासोबत ते एकदा उघडून बसायला सांगा.

पुरवणी मागण्यांमध्ये यासाठी थोडी तरतूद टाकाच. आणि छपाईआधी ही पुस्तकं बालगृहातल्या मुलांना वाचून दाखवा, कुठलं पान खोटं आहे ते ती लगेच सांगतात.

आपली,
नागपूरची एक गोष्टीवाली ताई