लांबीखाली काय आहे?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या मोटारींवरचा लेख वाचला. फोटो देखणे होते. पण रंगाबद्दल चार परिच्छेद आणि पत्र्याबद्दल अवघी एक ओळ : ‘गंजलेला भाग लांबी भरून नीट केला.’ (लांबी म्हणजे रंगाआधी पत्र्यावर भरतात ती पुट्टी.) या एका ओळीने मला दोनदा खर्चात पाडलंय, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे 1965 ची फोक्सवॅगन बीटल आहे. घेतली तेव्हा रंग आरशासारखा. दुसऱ्या वर्षी दाराखालच्या पट्टीवर हरभऱ्याएवढे फोड आले. एका गॅरेजने ते खरवडून पुन्हा लांबीच भरली. वर्षभरात फोड परत. मग मी स्वतः पेचकसाचं टोक टेकवलं, तो मुठीपर्यंत आत! लांबीचा बोटभर थर आणि त्यामागे वर्तमानपत्राचा बोळा. (तुमचं नव्हतं, तपासून पाहिलं.)

लांबी मुळात वाईट नाही. वेल्डिंगची जागा सपाट करायला पातळ हात लागतोच. पण तिने भोक बुजवलं की मागून येणारी ओल ती शोषते आणि गंज आतल्या आत पसरतो. बीटलच्या दाराखालची पोकळ पेटी शोभेची नसते. इंजिनाकडची गरम हवा तिच्यातून आत येते आणि बॉडीची ताकदही तिच्यावरच असते.

शेवटी मीच वेल्डिंग शिकलो. चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापत जायचं. दोन बोटं म्हणता म्हणता वीतभर जातं. पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवेतिरपे पाइप वेल्डिंगचे टाके मारून बसवावे लागतात, नाहीतर बॉडी खचते. हे मला दार लागेना तेव्हा कळलं! ठिगळ मूळ पत्र्याच्याच जाडीचं हवं. सलग वेल्डिंग ओढलं की पत्रा तापून पापडासारखा वाकतो. म्हणून एक टाका इथे, पुढचा लांब तिकडे, आणि मध्ये पत्रा निवेपर्यंत थांबायचं. एका ठिगळात दुपार जाते. रंगानंतर पेटीत आतून मेण फवारायचं आणि पाणी निघायची भोकं मोकळी आहेत ना ते बघायचं; रंगकामात ती हमखास बुजतात.

जुनी गाडी बघायला जाताना छोटं चुंबक फडक्यात गुंडाळून न्यावं. ते निसटलं तिथे जाड लांबी आहे समजावं. गाडी कामाला दिली असेल तर लांबी चढण्याआधीचे फोटो मागावेत.

या विषयावर पुन्हा लेख येणार असेल, तर उघड्या पत्र्याचाही एक फोटो छापा. माझ्याकडे भरपूर आहेत. कळवलंत तर पाठवतो.

– एक बीटलवाला