गरोदरपणातील धोक्याची लक्षणे अंगावर काढू नयेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गरोदर बाईने काही दुखत असल्याचे सांगितले की ‘या दिवसांत असे व्हायचेच’ म्हणून तिची समजूत घातली जाते. पुष्कळदा ते खरेही असते. पण याच समजुतीमुळे प्रीएक्लॅम्प्सियासारखा गंभीर विकार वेळेवर ओळखला जात नाही, याचे फार वाईट वाटते. साधारणपणे 20 आठवड्यांनंतर उद्भवणाऱ्या या विकारात रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर जातो आणि बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. मात्र सुरुवातीला बाईला काहीच जाणवत नसल्याने प्रत्येक तपासणीत रक्तदाब मोजून घेण्याचा आग्रह घरच्यांनीही धरला पाहिजे. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, अंधूक दिसणे किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी तपासणीच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे, कारण यानंतर झटके येऊ शकतात. पायांवर थोडी सूज अनेकींना येते. पण अंगठी एकाएकी बोटात रुतू लागली, चेहरा सुजला, तर ती सूज साधी समजू नये.

अंगावरून रक्त जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांतही विलंब नकोच.

प्रीएक्लॅम्प्सिया बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो आणि नेमके तेव्हा सगळ्यांचे लक्ष बाळाकडे असते. म्हणून रुग्णालयांनी बाळंतिणीला घरी सोडताना ही लक्षणे मराठीत छापून द्यावीत आणि सोबतच्या नातेवाइकांना समजावूनही सांगावीत, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक