चिऊ, अँडरसनचे ठसे बघ

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

फोनवर म्हणालीस, "बाबा, नुसत्या दुसऱ्यांच्या चित्रांच्या नकला कोरतेय, यात माझं काय?" तेव्हापासून लाकडावर चित्रं कोरणारा अमेरिकन अलेक्झांडर अँडरसन मनात घोळतोय.

1775 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा छापखानेवाल्याचा मुलगा. लहानपणी तांब्याची नाणी चपटी करून घ्यायचा नि त्यांवर कोरत बसायचा. घरच्यांना पोरगा डॉक्टर व्हायला हवा होता. झालाही, 1796 मध्ये कोलंबिया कॉलेजची पदवी मिळवली. 1798 ला शहरात पिवळ्या तापाची साथ आली आणि त्या एका वर्षात तान्हा मुलगा, बायको, भाऊ, आईवडील, सगळे गेले. त्याने डॉक्टरकी सोडली. वाचताना मी दर वेळी इथे अडतो. पुढचं सुचत नाही.

कोरकामाचा नाद मात्र कॉलेजातही सुटला नव्हता. आधी तो छपाईच्या खिळ्यांच्या, म्हणजे अक्षरांच्या ठशांच्या, धातूवर कोरी. मग इंग्लंडच्या थॉमस ब्युइक या कोरकाम करणाऱ्याचे ठसे पाहून बॉक्सवुड या कठीण लाकडाकडे वळला. शिकवायला कोणी नाही. छापलेलं चित्र समोर ठेवायचं आणि हात कसा फिरला असेल ते हुडकायचं. लाकूड खोडाच्या आडव्या छेदाचं, म्हणून ब्युरिन, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, कुठल्याही दिशेला सरळ जातो. कोरलं ते पांढरं राहतं, उरलं ते काळं उमटतं. मी खिळे जुळवण्यात जन्म काढला, म्हणून मला यातली सोय चटकन कळते. ठोकळा खिळ्यांच्या उंचीचा, त्यामुळे मजकूर नि चित्र एकाच दाबात निघतं. तांब्याच्या पत्र्याला यंत्रच वेगळं लागतं. स्वस्तातल्या बालपुस्तकांत चित्रं आली ती या ठोकळ्यांमुळे.

1804 मध्ये ब्युइकच्या चतुष्पाद प्राण्यांच्या पुस्तकाची अमेरिकन आवृत्ती निघाली. तिच्यासाठी अँडरसनने सगळे ठसे पुन्हा कोरले. नक्कलच ती, पण अमेरिकेत लाकडावरच्या कोरकामाचा पाया घातला तो यानेच. त्याच्या हाताखाली शिष्य तयार झाले, लेक ॲनही कोरायला शिकली. नव्वदी उलटली तरी ब्युरिन सुटला नव्हता. 1870 मध्ये, 94 व्या वर्षी गेला.

तेव्हा तू कोरतेयस ते घुबड अर्ध्यावर सोडू नकोस. फोटोत पिसांच्या रेघा सगळ्या एकाच जाडीच्या दिसतात. छातीवर बारीक कर, पंखांकडे जाड होऊ दे. छापलंस की कागदच पोस्टाने पाठव, फोटोवरून दाब कळत नाही.

तुझा,
बाबा