सिलिंडर सापडला

शहापूर, बेळगाव
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय सुध्या,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. म्हणजे आपला गॅरेजवाला मामू गेला, पण ते तुला फोनवर सांगितलं होतं आणि तू "बरं" म्हणून ठेवून दिलास. त्या "बरं"चा राग अजून माझ्या पोटात आहे. पण आज तो काढायचा मला हक्क राहिलेला नाही, का ते पुढं कळेल. फोनवर हे जमणार नाही. तू मधेच ओरडशील, मी मधेच हसेन आणि मुद्दा राहील बाजूला.

तब्येत ठीक. गुडघा तसाच. साखर डॉक्टर म्हणतात तितकी नाही आणि मी घरात सांगतो तितकी कमीही नाही.

सुध्या, तुझा येझदीचा सिलिंडर सापडला. म्हैसूरचा. तोच.

आता बस, पाणी पी, मग पुढं वाच.

जूनमध्ये मी माझ्या येझदी मोटरसायकलचं इंजिन खाली घेतलं हे तुला माहीत आहे, फोटो पाठवलेत, तू नुसते अंगठे पाठवलेस. ७८ची बी टाईप, अजून तीन वर्षं ढकलली की पन्नाशी, म्हणजे सरकारी नियमानं व्हिंटेज. मालक आधीच झालाय. उघडल्यावर पहिली गोष्ट दिसली ती अशी की क्लचच्या बाजूचा क्रँकचा सील पार वाळलेला. म्हणजे गियरबॉक्सचं तेल तिथून ओढलं जात होतं आणि पेट्रोलबरोबर जळत होतं. तू म्हणायचास, "तुझ्या गाडीला पांढरा धूर का येतो बे," आणि मी म्हणायचो की तू पेट्रोलमध्ये लिटरला चाळीस मिली तेलाचं माप नीट घालत नाहीस. ते भांडण तू जिंकलास. लिहून देतोय, जपून ठेव.

सील कोल्हापुरात मिळाले. पॉइंट आणि कंडेन्सर हुबळीत. किकचा शाफ्ट, म्हणजे तीच दांडी आत दाबून फिरवली की गियरची किक होते ती, पुण्याच्या जुन्या बाजारात. हो, पुण्यात येऊन गेलो. बुधवारचा बाजार, सकाळच्या गाडीनं आलो, रात्रीच्या गाडीनं परत. तुझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर होतो आणि आलो नाही. त्याचंही कारण हाच सिलिंडर आहे, कारण तेव्हा तो सापडून तीन दिवस झाले होते.

माझा मूळचा सिलिंडर कामातून गेलाय. चार वेळा आतून घासून बोर वाढवून झाला, मग स्लीव्ह, म्हणजे आतलं अस्तर, घातली, आता ती स्लीव्हच आत फिरालीय. नवा कुठून आणायचा? येझदीचा म्हैसूरचा कारखाना ९६ला बंद पडला. हुबळीतल्या दुकानदारानं माझा प्रश्न पुरता होऊ दिला नाही. "इल्ल री, मुगीतु." संपलं. डुप्लिकेट मिळतात, एक आणून बघितला. बाहेरून झकास. आत पोर्टाच्या, म्हणजे त्या भोकांच्या, कडा कुरतडल्यासारख्या आणि एक्झॉस्टचा एक पोर्ट दुसऱ्यापेक्षा नखभर वर. तुला काय सांगायचं, टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाही, पोर्ट हाच व्हॉल्व्ह. तो नखभर चुकला की गाडी नवरीसारखी नटलेली दिसेल आणि चढाला रडेल. परत दिला. पुतण्यानं सुचवलं, "काका, नवी येझदीच घ्या की, ३३४ सीसी." तिची २२ साली आलेली नवी आवृत्ती आहे, पाण्यानं थंड होणारी. तिचा एक नटसुद्धा आपल्या गाडीला लागत नाही. नाव तेवढं तेच.

तर मामूचा धाकटा पोरगा शेड रिकामी करालाय. जागा विकलीय, माल भंगारवाल्याला किलोवर जाणार. मला म्हणाला, "काका, रविवारी येऊन काय हवं ते घेऊन जावा." गेलो. लेथखाली ती हिरवी पेटी आठवते का, जिच्यावर बसून आपण पोहे खायचो? तिच्यात तळाशी गोणपाट, त्यात मामूचा बनियन, त्यात जुना 'तरुण भारत', त्यात ग्रीसनं माखलेला सिलिंडर. मी तिथंच रॉकेलच्या बोळ्यानं पुसायला बसलो. उपडा केला. खालच्या फ्लँजवर, जिथं गास्केट बसतं आणि गाडीवर चढवल्यावर कुणाला काही दिसत नाही त्या जागी, पंचानं ठोकलेली दोन अक्षरं. एस के. के थोडा तिरका. तुझा हात नेहमीच तिरका.

मी किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. धाकट्यानं चहा आणून ठेवला तो गार झाला.

म्हैसूर आठव. ९६. कारखाना बंद झाल्याचं कळलं आणि आपण रात्रीच्या बसनं निघालो, यादवगिरीच्या त्या गेटासमोर उभं राहून बिड्या ओढल्या, जणू कुणी जवळचं गेलंय. मग दुकानं पालथी घातली. एका दुकानात नवा कोरा सिलिंडर निघाला, स्टँडर्ड बोर, ६५ मिलिमीटर, मेणकागदात. दोघांचे मिळून पैसे एकाचेच. नाणं उडवलं. तू काटा म्हणालास, छापा पडला. मग तू म्हणालास घरंगळलं, धरायचं नाही, परत. परत उडवलं, काटा पडला. आजही माझं म्हणणं आहे की ते नाणं घरंगळलं नव्हतं.

तू तो कधी गाडीला लावलाच नाहीस. अक्षरं ठोकलीस आणि जपून ठेवलास. ९८ला पुण्याला गेलास, गाडी निपाणीच्या त्या तंबाखूवाल्याला दिलीस आणि सिलिंडर मामूकडे ठेवलास: "मी येईपर्यंत हात लावायचा नाही." दिवाळीत २००१ला आलास, मागितलास. मामू म्हणाला, "आत्ता नाही. नंतर ये." तू म्हणालास, विकलास. त्यानं मान खाली घातली, आणि त्याच्या शेडची पायरी तू परत चढला नाहीस.

इथवर तुलाही ठाऊक आहे. आता तुला ठाऊक नसलेलं.

सिलिंडरची वरून तिसरी फिन, ती गार करणारी पाकळी, डाव्या बाजूला तुटलेली आहे, दोन बोटं रुंद, आणि तुटलेली कड कानशीनं घासून गोल केलेली. ती कड मी घासलीय. माझ्या हातानं. २००१च्या मार्चमध्ये शिनोळीच्या अलीकडं गाडी घसरून दगडावर पडली तेव्हा तुटली, आणि पँट अडकते म्हणून मी घरी बसून ती घासली.

कळलं? तुझी अक्षरं खाली आणि माझी फिन वर. एकाच सिलिंडरवर.

उद्यमबागेत नेऊन आतला व्यास मोजायचं बोअर गेज लावून घेतलं, उगीच मनाची समजूत. तिथला पोरगा म्हणाला, "सर, हा कोरा नाही. वर कड आलीय, चाललाय हा चांगला." चाललाय तर. मीच चालवलाय, दीड-पावणेदोन वर्षं.

२०००चा मे. सावंतवाडीहून परत येताना आंबोलीच्या चढाला, दाणोली सोडल्यावर, गाडी सीझ झाली. ऊन, मागं मेव्हणा, त्याच्या मांडीवर फणस. पिस्टन अल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा, तापला की पिस्टन आधी फुगतो आणि धरतो. मागचं चाक जागच्या जागी थांबलं. मी क्लच ओढला म्हणून वाचलो, फणस वाचला नाही. टेम्पोत घालून गाडी मामूकडे टाकली. तेव्हा आई दवाखान्यात होती, मला पहाटे सहाची पाळी, खिशात दमडी नाही. तिसऱ्या दिवशी मामू म्हणाला, "ने. एक जुना सापडला, घातलाय. तात्पुरता आहे हं, परत द्यायचा." पैसे घेतले नाहीत, पिस्टनचेसुद्धा नाहीत.

आता कबुली. मला संशय आला होता, सुध्या. पहिल्या किकेलाच. जुना सिलिंडर असा वाजत नाही. पिस्टनची टकटक नाही, रिकामी गाडी उभी असताना आरशात चेहरा दिसावा इतकी शांत. शिवाय मामूनं हेड बसवायच्या आधी मी आत डोकावलो होतो, भिंतीवर होनिंगच्या तिरक्या रेघा ताज्या. तशा रेघा चाललेल्या सिलिंडरला नसतात, हे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, मी दिवसभर तेच काम करत होतो. विचारलो नाही. (होय, "विचारलो". तू आणि तुझी पोरं हसा खुशाल. पुण्यात जाऊन तुझं "मी केलो"चं "मी केलं" झालं, आमचं नाही झालं.) विचारलं असतं तर काढून द्यावा लागला असता.

आणि दिवाळीत तू मामूशी भांडलास तेव्हा माझी गाडी शेडच्या दारात उभी होती. मामूनं माझ्याकडं बघितलं. मी चहाच्या कपात बघत होतो. मग तू माझ्याच मागं बसलास, गोवावेसपर्यंत त्याला शिव्या घालत होतास, चोर, विश्वासघातकी, आणखी काय काय, आणि मी "हो ना" म्हणत होतो. तुझा सिलिंडर तुझ्या-माझ्या पायांमध्ये धडधडत होता.

एवढ्यावर संपत नाही. २००२च्या सुरुवातीला मामूनं माझा जुना स्लीव्ह घालून तयार केला आणि हा काढून घेतला. तेव्हा म्हणाला, "त्याला कळव, वस्तू तयार आहे, घेऊन जा म्हणावं." मी कळवलं नाही. तो "वस्तू" म्हणाला, सिलिंडर म्हणाला नाही, ही माझी पळवाट. तू तेव्हा नव्या नोकरीत होतास, वहिनींना दिवस गेले होते, कशाला जुनं उकरायचं, ही दुसरी. तिसरी सांगत नाही.

तेवीस वर्षं मामू तो पेटीत ठेवून वाट बघत बसला आणि मी दर आठवड्याला त्याच पेटीवर बसून चहा प्यालो. एकदाही त्यानं परत विचारलं नाही. एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, मी काळी फीत लावून सीमाप्रश्नाच्या फेरीत जायचो, तो शेडवर कन्नडचा लाल-पिवळा झेंडा लावायचा, आणि अकरा वाजता फीत लावलेला मी झेंड्याखाली कांदाभजी खायचो. त्यावरून तो दर वर्षी टोमणा मारायचा. सिलिंडरवरून कधीच नाही. मला वाटतं त्याला माझी लाज वाटत असावी, म्हणजे मला वाटायला हवी होती ती. रात्री झोप येत नाही ती यानं. तू रागावशील ते चालेल, तुझं रागावणं मला पाठ आहे. पण दाराशी ताटी बांधत होते आणि मी तुला फोन करत होतो, तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. तू "बरं" म्हणाला नसतास.

धाकट्याला काही बोललो नाही. त्याला बापाचा लौकिक कळायला हवा असं एकदा वाटतं, आणि एकदा वाटतं की आधी तुझ्या तोंडून ऐकू दे.

तुझं काय? नातवाचं बारसं झालं म्हणे, अभिनंदन, नाव कळव. वहिनींच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं ना? कुंदा पाठवणार होतो पण आता पार्सलला बस कधी सुटेल आणि कधी सीमेवर अडकेल याचा भरवसा नाही, मागं एसटीला काळं फासलं तेव्हा दोन डबे कुबट होऊन परत आले. गणपतीत येणार होतास ते पक्कं का? बुधवारी मूर्ती आणतोय, पाच दिवसांचा.

सिलिंडर मी गाडीला लावलेला नाही. लावून बघितला हे मात्र खरं, एका संध्याकाळपुरता, हेडचे नट हातानंच आवळून, चालू न करता. मग काढला. तो तुझा आहे. म्हणशील तर पाठवतो, म्हणशील तर ठेवतो, म्हणशील तर माझ्या गाडीत घालतो आणि तू आलास की पुढं तू बस, मी मागं बसतो. धाकट्यानं तो भंगाराच्या काट्यावर टाकून किलोवर पैसे घेतले, त्याला काय ठाऊक. निम्मे तू देणं लागतोस. म्हैसूरला निम्मे मी दिले होते, ते तू अजून फेडलेले नाहीस.

तुझा,
बाळ्या

ता. क. पाऊस थांबत नाही. बिडाला दोन दिवसांत गंज चढतो, म्हणून बोरला तेल लावून, आत तेलाचा बोळा घालून, कपाटात तुझ्या वहिनीच्या पैठणीखाली ठेवलाय. तिला अजून दिसलेला नाही. काय ते लवकर कळव.