तिची नोकरी चालू दे

सोलापूर, २९ डिसेंबर

चि. राजू,
येशूच्या नावात सलाम आणि आशीर्वाद.

काल पहाटे तुम्हाला हुतात्मा एक्स्प्रेसला बसवून आले आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आत्या म्हणाल्या, नवरा-बायकोच्या मधे पडू नका वहिनी. पण परवा जेवताना तू सूनबाईला म्हणालास, "जानेवारीत राजीनामा टाक, घर चालवणं पुरुषाचं काम आहे," आणि तिने बिर्याणी तशीच ताटात ठेवून हात धुतले. त्यानंतर मलाही घास उतरला नाही.

तुझी नोकरी गेलीय हे तू सांगितलं नाहीस, आत्यांच्या मोठ्याकडून कळलं. मग तिनेही सोडली तर फ्लॅटचा हप्ता कोण भरणार?

तू त्या पुरुषांच्या शिबिराला जातोस याचा मला आनंदच आहे. दारू सुटली, हे काय थोडं झालं? नाताळच्या उपासनेत तू शास्त्रवाचन केलंस तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, अगदी बापाचा आवाज. मला पदर डोळ्याला लावावा लागला. पण 'पती पत्नीचे मस्तक' एवढंच वचन घेऊन घरी येऊ नकोस रे. इफिसकरांस पत्राचा तोच पाचवा अध्याय काढ. एकविसाव्या वचनात एकमेकांच्या अधीन असा, असं आधी सांगितलंय. पंचविसाव्यात नवऱ्यांना सांगितलंय की ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती करा. आणि लूकचा आठवा अध्याय! मग्दालीया मरीया, योहान्ना, सुसान्ना, या बाया स्वतःच्या पैशाने प्रभूची आणि शिष्यांची सेवा करायच्या. बायकांच्या पैशावर जेवण्यात प्रभूला कमीपणा वाटला नाही, तुला का वाटावा?

बघ, लागलेच उपदेश द्यायला. रागावू नकोस. पाळकसाहेबांना रविवार पुरतो, मला सगळे वार लागतात असं पप्पा म्हणायचेच.

गिरणी बंद पडली तेव्हा तू पाचवीत होतास, तुला कितपत आठवतं कोण जाणे. सुरुवातीला ते रोजच्यासारखा डबा घेऊन निघायचे आणि कंबर तलावावर बसून संध्याकाळी परत यायचे. मला माहीत होतं, मी डबा भरत राहिले. मग एका सकाळी मी नाईट संपवून आले तर हे परात पुढ्यात घेऊन बसलेले, कोपरापर्यंत पीठ, भाकरी थापतायत. पहिली तव्यावर टाकतानाच मोडली. "हसू नको," म्हणाले. पुढे त्यांची ज्वारीची भाकरी माझ्यापेक्षा पातळ व्हायला लागली. आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणत थापायचे. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, १९०० साली, पण टिळकांनी त्यांना ओढून नेलं नाही, हे मला मुद्दाम ऐकवायचे, जणू ते मोठेपण यांचंच! गल्लीतले चिडवायचे, बायको कमावते आणि हा भाकऱ्या बडवतो. ते त्यांना फार लागायचं, रात्र रात्र कूस बदलत पडायचे. पण ड्युटी सोड असं एकदाही म्हणाले नाहीत. तुझ्या डिप्लोमाची फी त्याच पगारातून गेली.

तुलाही झोप लागत नसेल. परत त्या बाटलीकडे वळू नकोस, एवढीच भीती वाटते. एवढीच कुठली, ती दुसरीही आहेच.

शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या निळ्या पिशवीत आहेत. हप्त्याला कमी पडलं तर माझी एफडी मोडू, पण तिला घरी बसवू नकोस. उपासनेनंतर फोन कर आणि तिच्याकडेही दे.

तुझी,
आई

ता. क. तिने शाळेत अर्ज दिला तर नाही ना? तेवढं आजच कळव.