२१ दिवसांची सुई चुकू नये म्हणून

सप्रेम नमस्कार,

ग्वाल्हेरमधला आपला लष्कर भाग दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून उभा राहिला; तिथल्या कंपू वस्तीचे नावही पलटणींवरूनच पडले. हे पत्र आहे ते अशा छावण्यांच्याच एका जुन्या दुखण्याबद्दल. घशाबद्दल.

दाटीने माणसे निजतात तिथे स्ट्रेप्टोकोकसचा जंतू खोकल्या-शिंकेतून घरभर फिरतो. घसादुखी, ताप, त्यात अंगावर बारीक लाल पुरळ आणि स्ट्रॉबेरीसारखी जीभ, म्हणजे स्कार्लेट फीवर. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही. पोटावरून हात फिरवावा, काचकागदासारखे लागते. दुसऱ्या महायुद्धात युरोपभर ही साथ पसरली होती. अमेरिकी सैन्याच्या बराकींत तर घसादुखीमागून सांध्यांचा ताप (रूमॅटिक फीवर) येई आणि धडधाकट पोरांच्या हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडत. १९५० च्या सुमारास वायोमिंगच्या वॉरेन हवाईतळावर घसा धरलेल्या जवानांना वेळेत पेनिसिलिन दिले, तेव्हा हा ताप बहुतांशी टळला. औषध तेच, आजही स्वस्त.

आणि ग्वाल्हेरच्या जानेवारीत, एका रजईत तीन पोरे, दार घट्ट बंद. मग बराक काय नि आपली खोली काय!

कंपूजवळच्या एका घरी आमच्या कार्यकर्तीला इंजेक्शनचे कार्ड देव्हाऱ्यामागे खोचलेले सापडले. झडप बिघडलेल्या मुलीला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनची सुई घ्यायची होती. शेवटचे चार रकाने कोरे. आई म्हणाली, "ताई, दिवसाची मजुरी बुडते, टेंपोचं भाडं वेगळं. अन् ही तर बरी दिसते." बरी दिसणारी ती बाजेखाली लपली होती. सुई दुखतेच, खोटे कशाला सांगावे? पण ती चुकली, घसा पुन्हा धरला, की झडप आणखी बिघडू शकते. हे वर्षानुवर्षे सांभाळावे लागते.

अशा मुलांची यादी ठेवून, आदल्या संध्याकाळी फोन करून, सोबत दवाखान्यात नेण्याचे काम मंडळाने घेतले आहे. टेंपोभाडे, आईची बुडालेली मजुरी आणि औषध बाहेरून आणावे लागले तर त्याची किंमत, एवढ्यासाठी पैसे हवेत. टोचणार डॉक्टरच, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असू शकते, त्यात आम्ही हात घालणार नाही.

१९१४ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही आगबोट विकत घेतली आणि युद्धातल्या जखमींसाठी तिचे 'लॉयल्टी' हे इस्पितळ-जहाज झाले. आपल्याला जहाज घ्यायचे नाही, टेंपोचे भाडे द्यायचे आहे. पन्नास रुपयेही चालतील. पैसे जमत नसतील तर महिन्यातली एक सकाळ द्या, सोबत जायला माणसे कमीच पडतात. जुने कपडे मात्र आणू नका. गेल्या वर्षीचे गठ्ठे अजून माळ्यावर आहेत.

आणि घरचे पोर घसा दुखून तापले तर काढ्यावर आठवडा काढू नका. नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तर सांध्यांचा ताप बहुतांशी टळतो. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या तर तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून थांबवू नका.

देणगी रोज संध्याकाळी मंडळाच्या कचेरीत खजिनदारांकडे द्यावी. पावती मागून घ्या, ते विसरतात.

आपले,
कार्यकारिणी सदस्य