जनकवी

ठाणे, ४ जुलै

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "पी. सावळाराम गीतकार म्हणून मोठेच रे, पण कवी म्हणून?" तेव्हा धड उत्तर सुचलं नाही आणि फोनही कट झाला. पण मनातून ते काही गेलं नाही. आज त्यांची जयंती. सकाळपासून पाऊस लागलाय, तलावपाळीवर चिटपाखरू नाही, म्हणून लिहायलाच बसलो.

तू इस्लामपूरला स्थायिक झालास आणि येडेनिपाणी तुझ्याच वाळवा तालुक्यात आहे, हे लक्षात आहे ना? निवृत्ती रावजी पाटील तिथे १९१४ साली जन्मले आणि आपल्या ठाण्याचे पी. सावळाराम झाले. महानगरपालिका होण्याआधी, नगरपालिका होती तेव्हा, ते गावाचे नगराध्यक्षही होते. सासरी निघालेल्या लेकीला निरोप देणारं 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का' लिहिणारा माणूस नळ-गटारांच्या तक्रारीही ऐकत असणार. मला यात जराही विसंगती वाटत नाही. घराघरातलं दुखणं ठाऊक असल्याशिवाय ते गाणं लिहिताच आलं नसतं.

माझी आई तुला आठवते. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. रेडिओवर 'आपली आवड' लागलं की कामं आपोआप हळू व्हायची, आणि हे गाणं आलं की थांबायचीच. ती सहा वर्षांची असताना तिची आई गेली होती. लग्नात पाठवणीच्या वेळी डोक्यावरून हात फिरवायला कुणी नव्हतं. एकदा गाणं संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझी आई असती तर हेच म्हणाली असती." दत्ता, जे तिच्या वाट्याला आलंच नाही, ते रेडिओवरच्या तीन-चार मिनिटांत तिला मिळालं. लिहिणारा एक पुरुष, गाणाऱ्या लताबाई, चाल वसंत प्रभूंची, आणि ऐकताना मात्र आईला तिची स्वतःची आई भेटत होती. ही कविता नाही तर काय?

समीक्षकांचा आक्षेप मला माहीत आहे. चालीसाठी लिहिलेले शब्द, दोन-तीन अंतरे, सोपी यमकं. पण तू एकदा 'कल्पवृक्ष कन्येसाठी' सुराशिवाय नुसतं वाचून बघ. बाप झाड लावून निघून गेला, ते आता बहरलंय, आणि मुलगी त्याला विचारते, बघायला याल का हो? लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये गेले तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. त्यांच्यासाठी हे शब्द लिहिताना कवीने दुःखाचं नावसुद्धा घेतलं नाही, फक्त आर्जवाने एक प्रश्न विचारला. तो 'हो' मला फार मोठा वाटतो. मेलेल्या बापाशी लेक अजून आदरानेच बोलते आहे.

आणि 'मोलकरीण' चित्रपटातलं 'देव जरी मज कधी भेटला'. देव भेटला तर आई काय मागते? माझं सगळं आयुष्य बाळाला दे. आशाबाईंच्या आवाजात ते ऐकताना वसंत देसाईंची चाल शब्दांना कुठेही झाकत नाही. 'जिथे सागरा धरणी मिळते', 'रिमझिम पाऊस पडे सारखा', 'मानसीचा चित्रकार तो'... किती सांगू? तुलाही सगळी पाठ आहेत. पण लिहिणारा कोण, हे विचारलं की आपल्या नातवंडांनाच काय, लेकी-सुनांनाही सांगता येत नाही. लताचं गाणं, आशाचं गाणं, सुमनताई कल्याणपूरांचं गाणं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कुसुमाग्रजांनी त्यांना 'जनकवी' म्हटलं, तेव्हा त्यांनी जनांतला आणि कवी असे दोन्ही शब्द एकत्र दिले. त्यातला दुसरा आपण विसरलो.

२१ डिसेंबर १९९७ ला ते गेले. महापालिका त्यांच्या नावाने पुरस्कार देते, ते चांगलंच आहे. पण मला वाटतं, शाळेच्या पुस्तकात 'कल्पवृक्ष' यायला हवं, आणि खाली त्यांचं नाव ठळक.

आमच्या प्राजूच्या लग्नात बँडवाल्याने पाठवणीला 'गंगा जमुना'च धरलं. मी आदल्या दिवशी त्याला बजावलं होतं की हे वाजवू नकोस, मला झेपणार नाही. हिने गुपचूप उलटं सांगितलं होतं. बरं केलं. मुलीला जे मला म्हणता येत नव्हतं, ते सगळ्या मांडवाने एकत्र ऐकलं.

तर आता तुझं उत्तर हवं, आणि फोनवर नको, पत्रानेच पाठव. पावसाळा ओसरला की मी येतो, आपण दोघं येडेनिपाणीला जाऊ. वहिनींना नमस्कार, आणि त्यांना विचार, त्यांच्या पाठवणीला कोणतं गाणं लागलं होतं.

तुझा,
मधू